तिनं फक्त टेबल बदलून मागितलं होतं

मी आयुष्यात बऱ्याच मूर्ख खरेद्या केल्या. जाहिरात बघून कंबरेचं मसाज यंत्र घेतलं, ते आता माळ्यावर कंबर मोडून पडलंय. पण सगळ्यांत मूर्ख खरेदी म्हणजे भद्रकालीतल्या एका दुकानातून घेतलेली राखी. ती माझ्या भावासाठी नव्हती. ती मी कचेरीतल्या एका तेवीस वर्षांच्या मुलीच्या हातात दिली आणि म्हटलं, "बांध साहेबांना. सगळं मिटेल."

त्याला आता वीसेक वर्षं झाली. हल्ली जिना चढताना दम लागतो, तसा हे आठवतानाही लागतो. तरी लिहून टाकते.

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात चष्म्याची साखळी, आणि सगळ्यांनी मला 'ताई'च म्हणायचं असा दंडक. कोणी काकू म्हटलं की त्याच्या रजेची फाईल माझ्याकडे दोन दिवस जास्त झोपायची. नाशिकरोडच्या एका सरकारी कचेरीत मी आस्थापना सांभाळायचे, म्हणजे रजा, बदल्या, पगारवाढी सगळं माझ्या हाताखालून जायचं. अक्षर मोत्यासारखं आणि मसुदा लिहिण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मला वाटे. शिवाय भांडणं मिटवणं हा छंद. डब्यातल्या लोणच्यावरून दोघी बोलेनाशा झाल्या, बोलवा ताईंना. पंखा कोणाच्या डोक्यावर फिरणार, विचारा ताईंना. मिटवणं वेगळं आणि सोडवणं वेगळं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही.

ती मुलगी घोटीहून यायची. तिचे वडील आमच्याच कचेरीत ड्रायव्हर होते. नोकरीत असताना गेले, म्हणून अनुकंपेवर तिला टायपिंगचं काम मिळालं. घरी आई, अर्धांगवायूनं एका कुशीवर पडलेली. तिसरं माणूस नाही. पहाटे उठून आईचं सगळं करायचं, शेजारणीला दुपारचं सांगून ठेवायचं, गाडी पकडायची आणि दिवेलागणीला परत. म्हणजे नोकरी सोडणं तिला शक्य नव्हतं आणि घोटीपासून लांब जाणंही नव्हतं. हे सगळ्या कचेरीला माहीत होतं. मला तर फाईलसकट माहीत होतं.

तिचं टेबल अधीक्षकांच्या केबिनला लागून, केबिनच्या दाराकडे पाठ. एक दिवस डबा खाताना ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"ताई, एक काम होतं."

"बोल की."

"माझं टेबल तेवढं बदलून द्या. तिकडं, खिडकीपाशी."

"खिडकीपाशी? ऊन येतं गं तिकडे दुपारचं."

"येऊ द्या."

भाकरीचा तुकडा तिनं मोडला आणि तसाच परत ठेवला. मग खाली बघून म्हणाली, "साहेब मागं येऊन उभे राहत्यात. खुर्चीवर हात ठेवत्यात. मग तो हात खुर्चीवर राहत नाय."

यावर मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे आपली आजी कोणत्या मातीची होती ते नातवंडांना कळेल. मी म्हणाले, "अगं, लागला असेल चुकून. वडिलांच्या वयाचे आहेत."

"वडील माझ्या मागं येऊन नाय उभे राहायचे, ताई."

मी लोणच्याची फोड चोखली. उत्तर सुचत नसलं की मी लोणचं खाते.

आता हे अधीक्षक म्हणजे सिनेमातले असतात तसे असते तर बरं झालं असतं. कपाळाला गंध, आवाज मऊ. वणीला गेले की सगळ्यांसाठी प्रसाद, हंगामात द्राक्षांची पेटी. माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा मध्यरात्री स्वतःची गाडी घेऊन आले आणि दोन दिवस तिथेच बाकावर बसून राहिले. तो माणूस आणि हा माणूस एकच, हे माझ्या डोक्यात शिरेना. अजूनही नीट शिरत नाही. माणूस एका दारानं देवमाणूस होऊन येतो आणि दुसऱ्या दारानं दुसराच होऊन जातो, आणि आपण पहिल्या दाराशीच ताट घेऊन उभे.

शिवाय टेबल हलवणं म्हणजे काय खायचं काम होतं? सरकारी टेबलावर पांढऱ्या रंगात नंबर असतो. तो नंबर डेडस्टॉकच्या रजिस्टरात कोणत्या खोलीत, कोणत्या जागी असा लिहिलेला असतो. टेबल हलवायचं तर अर्ज, त्यावर टिपणी, आणि टिपणीवर सही कोणाची? अधीक्षकांची. मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. मला माझ्या कार्यालयीन ज्ञानाचा अभिमानच वाटला.

ती म्हणाली, "टेबल राहू द्या मग. मी खुर्ची नेऊन खिडकीपाशी बसू?"

"आणि कॉम्प्युटर मांडीवर घेशील?" मी म्हणाले. चारजण हसले. मी विनोदी होते.

तरी तिचा चेहरा डोक्यातून जाईना. आणि मग मला तोडगा सुचला. आपल्याकडचाच, जुना. पोरगा मागे लागला की बांध त्याला राखी. कॉलेजात असताना एकाला मी स्वतः बांधली होती. तो बिचारा पुढे वर्षभर मला बघून गल्ली बदलायचा. तो लाजरा पोरगा होता आणि हे साहेब होते, त्यांच्या हातात पोरीचा गोपनीय अहवाल होता, एवढा फरक माझ्या लक्षात यायला हवा होता. मला वाटलं, राखी ती राखी.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी कचेरीत ताट मांडलं. घरून निरांजन, हळदकुंकू, पेढे. मुलीला बोलावून राखी हातात दिली. लाल गोंडा, सोनेरी जरी, मधे ओम. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली.

"ताई, टेबलाचं..."

"आता टेबलाची गरजच राहणार नाही बघ. एकदा भाऊ म्हटलं की संपलं."

"ते म्हणतात का पण बहीण?"

"म्हणतील ना. न म्हणून सांगतील कोणाला?"

तिला बांधायची आहे का, हे मी विचारलं नाही. ताट मांडलेलं, पेढे आणलेले, माणसं जमलेली. असं सगळं जमवून झाल्यावर माणूस कोणाला काही विचारतो का?

निरांजन विझू नये म्हणून पंखे बंद केले होते. सगळे घामाघूम. साहेब येऊन तिच्याच खुर्चीवर बसले, तिच्याच टेबलाशी, आणि हात पुढे केला. लेखा विभागातल्या एकानं घरून कॅमेरा आणला होता. मुलाच्या वाढदिवसाचे काढून रिळात चार फोटो उरले होते. मुलीची गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. आणि मी काय केलं? मी म्हणाले, "हस गं जरा, फोटो निघतोय."

ती हसली. सांगितलेलं काम ती लगेच करायची.

साहेबांनी पाकीट दिलं, डोक्यावर हात ठेवला, डोक्यावरचा खांद्यावर आणला आणि तिथंच ठेवून सगळ्यांना म्हणाले, "आजपासून ही माझी बहीण. आता कसली लाज?"

टाळ्या पडल्या. मी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

पुढे जे झालं ते एका वाक्यात सांगता येतं. आधी ते जे चोरून करायचे ते आता उघड करू लागले. मनगट धरून तिला चहाला न्यायचे. मागे उभे राहून वेणी ओढायचे. कोणी बघितलंच तर, "काय बघता, बहीण आहे माझी!" बघणारा ओशाळून मान खाली घालायचा. त्या लाल गोंड्यानं मी पोरीभोवती कुंपण घालायला गेले आणि फाटकाची किल्ली साहेबांच्या हातात दिली.

दिवाळीत भाऊबीज आली. साहेब गाडी घेऊन घोटीला तिच्या घरी गेले, न बोलावता. हातात मिठाई, साडीचा बॉक्स. बहिणीकडे भाऊ भाऊबीजेला जायचाच, त्याला कोण अडवणार? अंथरुणावरची आई तिरक्या तोंडानं हसली म्हणे, केवढे मोठे साहेब आपल्या घरी आले. पाटावर बसले, ओवाळून घेतलं, जेवले. ती स्वयंपाकघरात भांडी ठेवायला गेली तर मागोमाग आले. आई बाहेरच्या खोलीत, उठता न येणारी.

तिनं पाण्याचा हंडा पाडला. मोठा आवाज झाला. शेजारीण धावत आली आणि साहेब निघून गेले.

हे तिनं मला सुट्टीनंतर पहिल्या दिवशी सांगितलं, दाराआड, एका दमात. आणि शेवटी पुन्हा तेच, "ताई, टेबल द्याल बदलून?"

मी म्हणाले, "लेखी दे आता. समितीपुढे येऊ दे." हे एक मात्र बरं केलं असं मला वाटलं. कारण बायकांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या तीन जणांच्या समितीत मी होते ना! ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही असाल तर देते." या चार शब्दांवर तिनं अर्ज दिला.

समिती बसली. अध्यक्षबाई दुसऱ्या कचेरीतून आल्या होत्या, त्यांना परतीची बस होती. अर्ज वाचला. साहेबांनी काही वाद घातला नाही. खिशातून एक फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. लाल गोंडा, निरांजन, आणि ती हसतेय. मागे मी, टाळ्यांसाठी हात वर केलेली, तोंडभर हसू. काय ध्यान दिसत होते मी त्या फोटोत!

साहेब म्हणाले, "मी हिला बहीण मानलं. आता यावर मी काय बोलू?" डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं ते पाणी, हे मी आजही सांगते. तेच तर कळत नाही.

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "तुम्ही हजर होतात. राखी हिनं स्वखुशीनं बांधली?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं की राखी मी आणली, हसायला मी सांगितलं, हिनं मागितलं होतं ते टेबल. तीन वाक्यं. मसुद्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं म्हणाले ना मघाशी? त्या दिवशी तीन वाक्यं सुचली नाहीत. सुचली होती. पण मग सगळी कचेरी म्हणाली असती, ताईंनी हे काय करून ठेवलं. दवाखान्यातला बाकही आठवला, त्यावर बसून राहिलेले साहेब आठवले.

मी म्हणाले, "हो. हसत होती."

मुलगी उठली. "येते मॅडम," म्हणाली. ताई नाही, मॅडम. दंडक मोडला म्हणून तिची फाईल मी अडवणार होते का आता?

निकाल लागला, गैरसमजातून तक्रार. दोघांनी एका जागी काम करणं अवघड, म्हणून एकाची बदली. कोणाची ते सांगायला नको. मनमाडला. घोटीहून मनमाड रोज करून बघा एकदा, तेही घरी आजारी माणूस ठेवून. आदेशाचा मसुदा माझाच. 'सदर कर्मचाऱ्याच्या मानसिक स्वास्थ्याचा विचार करून' असं लिहिलं मी. वरच्या साहेबांनी त्या वाक्याचं कौतुक केलं होतं. मी घरी येऊन यजमानांना सांगितलंही. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "आणि तिची आई?" मी म्हणाले, "बघेल काहीतरी."

तिनं मनमाडला खोली घेतली. आईला मावशीकडे ठेवलं आणि रविवारी जायची, एवढं कानावर आलं. मी विचारलं नाही.

आणि टेबल? तिच्या जागी एक गृहस्थ आले. दुसऱ्याच दिवशी म्हणाले, केबिनपाशी वारा लागत नाही. शिपायानं आणि त्यांनी मिळून टेबल उचललं, खिडकीपाशी नेलं. दहा मिनिटं लागली. रजिस्टरात मी पेन्सिलीनं खूण केली. कोणी कधी विचारलं नाही.

साहेब निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र कोणाच्या अक्षरात होतं, ओळखा.

गेल्या महिन्यात हे सगळं मी नातीला सांगितलं. ती एकवीस वर्षांची, नोकरीला लागलीय, संध्याकाळी येऊन आपल्या टीमलीडरच्या नावानं बोटं मोडते. मला वाटलं, ती कायदा सांगेल, चिडेल, नाहीतर 'जाऊ दे आजी, तेव्हाचा काळच तसा होता' असं म्हणेल. मी त्या वाक्याची वाटच बघत होते, खरं सांगते. तिनं मोबाईल बाजूला ठेवला आणि म्हणाली, "पण आजी, टेबल का नाही हलवलंस?"

"अगं, ते रजिस्टर..."

"दहा मिनिटांचं काम होतं म्हणालीस ना?"

मी लोणचं शोधायला उठले.

नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. नात स्कूटरवरून बँकेत घेऊन गेली. वाटेत म्हणाली, "सकाळपासून माझं डोकं खातेस, एवढा पुरावा पुरे आहे, मी देते लिहून." पण बँकेला अंगठा लागतो. खिडकीतल्या गृहस्थांनी माझा हात पकडला, अंगठा ओढून मशीनवर दाबला. नाही लागला. पुन्हा ओढला. जन्मभर भांडी घासून आणि फाईली चाळून माझ्या अंगठ्याच्या रेघा गेल्यात. पाचव्यांदा ते माझा अंगठा असा पिळू लागले की लिंबू असावं. मी हात काढून घेतला. ते म्हणाले, "तुमच्या जुन्या ऑफिसात जा, तिथं नवीन मशीन आलंय. तिथंही नाही लागला तर साहेबांच्या सहीचा दाखला आणा."

म्हणून मी चौदा वर्षांनी जुन्या कचेरीत गेले. रंग बदललाय, पंखे तेच. खिडकीपाशी एक तरुण मुलगी काम करत होती, आणि तिच्या टेबलाच्या पायावर पांढऱ्या रंगातला तो नंबर मला लगेच ओळखू आला. शिपायानं मला अधीक्षकांच्या केबिनमध्ये नेलं. खुर्चीत ती बसली होती, घोटीची.

केस पांढरे झालेत कानापाशी. परीक्षा देत देत वर चढली, तीन वर्षांपूर्वी इथे परत आली. हे तिनं सांगितलं नाही, शिपायानं जिन्यातच सांगितलं होतं, फक्त नाव न घेता. तिनं मला ओळखलं, उभी राहिली, खुर्ची दिली.

मी वेड्यासारखी म्हणाले, "आई कशी आहे?"

"आई जाऊन अठरा वर्षं झाली."

"तेव्हा तू..."

"मनमाडला होते."

तिच्या बोलण्यातलं ते 'नाय' गेलं होतं. मी तिथं जाताना काही ठरवून गेले नव्हते, पण एवढी वर्षं आतल्या आत मसुदा तयारच होता. म्हणाले, "राखी मी आणली होती. हस मी म्हणाले होते. तू टेबल मागितलं होतंस. हे मला त्या दिवशी बोलायचं होतं."

नात दारात उभी होती. टेबलापलीकडून ती 'असू दे' म्हणाली नाही. रडली नाही, चिडलीही नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मला कळलं की माफी मागायला येणाऱ्या माणसालाही घाई असते, लगेच पावती हवी असते. माझ्या त्या ताटासारखंच हे, सगळं मीच मांडलेलं, तिला न विचारता.

तिनं मशीन माझ्याकडे सरकवलं. मी अंगठा ठेवला. नाही लागला. कपड्याला पुसून पुन्हा ठेवला. नीट दाबताच येईना. ती खुर्चीवरून उठून माझ्या बाजूला आली. मागे नाही, बाजूला, मला दिसेल अशी. आणि म्हणाली,

"मॅडम, हात धरू का तुमचा? नको असेल तर राहू द्या, तुमचा तुम्ही दाबा. मी थांबते."